पाच मार्कांचं उत्तर

नाशिकची थंडी सांगून येत नाही. दिवाळीच्या चिवड्याचा डबा अजून तळाला गेलेला नसतो, आणि एका सकाळी नळ सोडला की पाणी बोटांना चावतं. यंदाही तसंच झालं. स्वेटर शोधायला मी कपाटात डोकं घातलं. स्वेटर मिळाला, पण मधल्या काही वर्षांत त्याची बटणं आणि काजं एकमेकांपासून बरीच दूर गेली आहेत असं दिसलं. तेवढ्यात आतल्या खोलीतून लेकीचा आवाज आला. ती नववीत आहे. इंग्रजीचं एक उत्तर पाठ करत होती. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, दर वेळी त्याच शब्दाला ठेच. मी कपाटात डोकं तसंच ठेवून ऐकत राहिले. नवरा दोनदा येऊन बघून गेला. बायकोचं काय चाललंय ते विचारावं की नको, हे त्याला ठरवता आलं नाही.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. लग्नात, बारशात, गाडी पंक्चर झाल्यावर रस्त्याच्या कडेला, कुठेही माझी गोष्ट सुरू होते आणि लोकही सवयीने हसतात. साठ मुलांनी परीक्षेत एकच उत्तर लिहिलं, ही त्यातली हमखास खपणारी. पण ती मी नेहमी हसू येतं तिथवरच सांगते. पुढचं कधी सांगितलं नाही. आज थंडी आहे, स्वेटर बसत नाहीये, तर लिहून बघते.

नव्वदीच्या दशकातली मधली वर्षं. सटाण्याकडच्या आमच्या गावात आठवी पास होऊन मी एकलहऱ्याला मामाकडे राहायला आले. मामा तिथल्या वीज केंद्रात नोकरीला, राहायला कॉलनीतलं क्वार्टर. पोरगी इंग्रजी शाळेत गेली तर पुढे काहीतरी होईल, असं माझ्या वडिलांचं मत होतं. काय होईल हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण त्यांनी ते गावात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मामाची मुलगी मीनल माझ्याच वयाची, नाशिकरोडच्या एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीला जाणारी. मामाने मुख्याध्यापकांकडे चार खेटे घातले आणि मलाही नववीतच बसवून घेतलं. ती ‘अ’ तुकडीत, मी ‘ब’. मामी म्हणाली, "राहू दे. एक वरीस बघू."

मामी मूळची सिन्नरकडची, कामाला वाघ, बोलायला मोजकी. ती वाईट अजिबात नव्हती, हे आधीच सांगते, कारण पुढे तसं वाटायची शक्यता आहे. पण ते ‘एक वरीस बघू’ मी गाठ मारून ठेवलं. वर्ष संपल्यावर मामीने नको म्हटलं की गाशा गुंडाळायचा, आणि वडिलांनी गावात जे सांगून ठेवलं होतं ते त्यांना परत घ्यावं लागणार.

पहिल्याच आठवड्यात मिसनं पुस्तक विचारलं आणि माझ्या तोंडून गेलं, "मिस, पुस्तक घरी शे." पूर्ण वर्ग हसला. आमच्याकडे अहिराणीची सावली आहे. ‘आहे’ला ‘शे’ म्हणणं आम्हाला श्वास घेण्याइतकं सोपं. त्या दिवसापासून मला ‘शे’ हेच नाव पडलं. मग मी ठरवलं, लागेल तेवढंच बोलायचं. आधी वर्गात, मग बसमध्ये, मग हळूहळू घरीही. न बोलण्याचं एक बरं असतं, त्यात चूक होत नाही. गावाकडे दर पंधरवड्याला पत्र टाकायचे: मी मजेत आहे, अभ्यास चांगला चालू आहे, मामी फार लाड करतात. आई ते शेजारणीकडून वाचून घ्यायची, त्यामुळे पत्र शेजारणीलाही आवडेल असं लिहावं लागे.

आम्हाला इंग्रजी शिकवायला लोबो मिस होत्या. राखाडी कार्डिगन, पायात मोजे, आणि आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या मुलालाही आपल्याशीच बोलतायत असं वाटावं. मिस इगतपुरीच्या पलीकडे फारशा गेल्या नव्हत्या, पण इंग्लंडमधल्या पाऊलवाटा त्यांना तोंडपाठ. हिवाळा आला की त्या इंग्रजी कवी काढायच्या. बर्फ, धुकं, ओकाची झाडं, शेकोटीपुढे झोपलेलं कुत्रं. आम्ही सगळे दिवसभर उन्हात वाळलेली मुलं. पण त्या दिवसांत सकाळी बसच्या खिडकीतून बघितलं की द्राक्षाच्या बागांतून धूर निघालेला दिसे. मण्यांना थंडी बाधू नये म्हणून शेतकरी वेलींच्या ओळींमध्ये पालापाचोळा पेटवत. धुकं आणि धूर एकात एक मिसळून रस्त्यावर आडवे झोपलेले. मला वाटे, हेच ते इंग्लंड असणार, फक्त तिथे द्राक्षं नसतील.

बाकी कल्पनेच्या नावाने आमचा आनंदच होता. कवितेत एका झोपडीच्या चिमणीतून धूर निघायचा आणि त्यावरून वाटसरूला कळायचं की आत माणसं आहेत, ऊब आहे. मिसनं चित्र काढायला सांगितलं. आम्हा कॉलनीच्या मुलांना चिमणी माहीत होती ती वीज केंद्राची. मीनलने टुमदार इंग्रजी झोपडी काढली, दाराशी गुलाब काढले, आणि वर झोपडीच्या पन्नासपट उंच, लाल-पांढरे पट्टे असलेली चिमणी उभी केली. तिच्या टोकाला विमानांसाठीचा लाल दिवासुद्धा. मिस त्या चित्राकडे बराच वेळ बघत होत्या. मग त्यांनी खाली ‘गुड’ लिहिलं.

त्याच धड्यांमधली एक कविता. नाव सांगून उपयोग नाही, लेकीच्या पुस्तकात ती आता नाही. बर्फ पडतंय, संध्याकाळ झालीये, आणि एक माणूस कुणाच्या तरी घराच्या खिडकीबाहेर उभा आहे. आत दिवा लागलाय. तो आत बघतो, आणि शेवटी निघून जातो. एवढंच. खाली प्रश्न होता, पाच मार्कांचा: खिडकीबाहेर उभ्या असलेल्या कवीच्या भावना स्वतःच्या शब्दांत लिहा.

स्वतःच्या शब्दांत म्हणजे गाईडच्या शब्दांत, हे आमच्या शाळेत पहिलीतल्या मुलालाही माहीत होतं. गाईड नसेल तर मिस सांगत ते उतरवून घ्यायचं. मिसनं उत्तर सांगितलं त्या दिवशी मी तापाने घरी होते. गाईड एकच होतं, मीनलचं, आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून ती ते उशाखाली ठेवायची. मागितलं असतं तर दिलं असतं तिने. मागणं म्हणजे बोलणं आलं. मग मी वही उघडली आणि खरोखरच स्वतःच्या शब्दांत लिहायला बसले. ही चूक शाळेच्या इतिहासात आधी कुणी केली नसावी.

तेव्हा मामाच्या घरी रोज रात्री जेवताना एक गोष्ट घडायची. मामाचा नियम होता की पोळ्या आधी करून ठेवायच्या आणि सगळ्यांनी एकदम बसायचं. मामी मांडणीवरून ताटं काढायची. एक, दोन, तीन. खाली ठेवायची, पाणी घ्यायची, भाजी वाढायला वळायची, आणि मग तिचा हात थांबायचा. "अगं बाई," म्हणून ती उठायची आणि चौथं ताट आणायची. रोज. आल्यापासून रोज. ती इतक्या साधेपणाने उठायची की रागावायला जागाच नव्हती. मी तेवढा वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. त्या वर्षीच्या एकादश्या मला अजून पाठ आहेत.

तर कवीच्या भावना म्हणून मी हेच लिहिलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत लिहिलं की आतली माणसं चांगली आहेत. त्यांनी कवीला छपराखाली उभं राहू दिलं आहे. आत तीन ताटं मांडली जातात आणि मग चौथं आठवतं. आतले हसले की कवीही बाहेर थोडा हसतो, म्हणजे त्याचा चेहरा वेगळा दिसायला नको. आणि चांगल्या माणसांना आपण बाहेर आहोत असं सांगता येत नाही, म्हणून त्याला थंडी जास्त वाजते. लिहिताना मला कसलीच भीती वाटली नाही. इंग्रजीत लिहिलेलं माझ्या माणसांपैकी कुणी वाचू शकणार नव्हतं. मराठीत मी सगळ्यांना मजेत होते. खरं बोलायला मला परकी भाषा बरी सापडली.

वही तपासायला दिली, आणि दोन दिवसांनी मिसनं स्टाफरूममध्ये बोलावलं. विचारलं, हे कुठल्या गाईडमधलं. मी म्हटलं, माझंच आहे. मिसनं चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि लाल पेनाने एका क्रियापदाचा काळ बदलला. ताटांबद्दल काही विचारलं नाही. त्या काळी शिक्षक मुलांना असलं काही विचारत नसत, क्रियापदं विचारत. मग म्हणाल्या की हे आदर्श उत्तर म्हणून त्या सगळ्यांना उतरवून देणार आहेत, आधीचं उत्तर खोडायचं. मला काय वाटलं असेल? मी खूश झाले. लिहिताना रडवेली झालेली मी, निवडलं गेल्यावर बसपर्यंत उड्या मारत गेले. आपलं दुःख शुद्ध व्याकरणात ऐकायला मिळणं ही काही लहानसहान गोष्ट नाही.

बस सुटल्यावर लक्षात आलं की मिस ‘अ’ तुकडीलाही शिकवतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीनल स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत आणि परत, अशा फेऱ्या मारत पाठ करत होती. ती चालल्याशिवाय पाठ करू शकत नसे. मामी ओट्याशी कणीक मळत होती. मी खिडकीशी भूमितीची वही घेऊन बसले होते आणि एक वर्तुळ चौथ्यांदा काढत होते. "थ्री प्लेट्स आर लेड," मीनल म्हणत आली, "अँड देन द फोर्थ इज रिमेंबर्ड." परत गेली. परत आली. थ्री प्लेट्स. मामी सातवी शिकलेली. पण तीन आणि चार कुठल्याही भाषेत कळतात, आणि प्लेट तर आमच्या घरात सगळ्यांच्याच तोंडी.

"काय गं, कसल्या प्लेटा?" मामीने विचारलं.

मीनलला तेवढंच हवं होतं. तिने आईला अख्खं उत्तर मराठीत समजावून सांगितलं, अगदी हातवारे करून. बाहेर कवी उभा आहे, आतली माणसं चांगली आहेत, तीन ताटं मांडतात आणि मग त्यांना चौथं आठवतं. मामीचे हात कणकेत होते.

"आठवतं ना पण?" मामी म्हणाली. "मग झालं तर."

"अगं पण कवीला वाईट वाटतं ना."

"हे लिवलंय कुणी?"

"मिसने दिलंय," मीनल म्हणाली, आणि पुढच्या फेरीला निघून गेली. तिला खरंच माहीत नव्हतं. मिसनं नाव सांगितलं नव्हतं. मामीने माझ्याकडे पाहिलं नाही. ती कणीक मळत राहिली, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या, मामाने दोनदा सांगितलं.

त्या रात्री तिने चार ताटं काढली.

मला हेच हवं होतं असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं असतं. पण चौथं ताट काढण्याआधी ती थांबायची. ओठ हलायचे, मनात मोजल्यासारखे. पाहुणे आले की बाई मोजते तसं. आधी मी तिच्या सवयीच्या बाहेर होते. आता तिने मला लक्षात ठेवायचं काम म्हणून आत घेतलं होतं. रोज चार. एकदाही चुकली नाही. आणि रोज मला वाटे की आता म्हणेल, वर्ष झालं की पोरीला न्यायला सांगा. जेवताना मी पोळी मागायचीही सोडून दिली.

मग डिसेंबरातली चाचणी परीक्षा झाली, आणि माझ्या गोष्टीतला हसण्याचा भाग आला. दोन्ही तुकड्या मिळून शंभराहून जास्त मुलं. नुसत्या आमच्या वर्गात साठ. साठांनी एकच उत्तर लिहिलं. साठ कवी साठ खिडक्यांबाहेर कुडकुडत उभे. एकीने सहा ताटं लिहिली आणि मग सातवं आठवतं म्हणाली. त्यांचं घर मोठं होतं. एका पठ्ठ्याने घाईत कवीलाच गाळलं आणि फक्त ताटांची माहिती दिली. मीही पाठ केलेलंच लिहिलं. मिसनं दुरुस्त करून दिल्यावर ते माझं राहिलं नव्हतं, त्यामुळे एक वाक्य विसरलेही. मला पाचपैकी तीन मिळाले. मीनलला चार. तिचं अक्षर चांगलं होतं.

इथवर सांगितलं की लोक हसतात, मी पण हसते, आणि कुणीतरी चहा टाकायला उठतं.

गेल्या जूनमध्ये आमचा मोठा मुलगा शिकायला पुण्याला गेला. पहिले कितीतरी दिवस मी जेवायला चार ताटं मांडायचे आणि मग एक उचलून परत ठेवायचे. नवरा बघायचा, लेक बघायची. मुलावर माझं प्रेम किती, याच्याशी त्या ताटाचा काही संबंध नव्हता. हाताला मोजता येत नाही. हाताला सवय असते, आणि ती माणूस आल्या-गेल्याची बातमी फार उशिरा ऐकते. मामीने तीन ताटं दहा-बारा वर्षं मांडली होती. हे मला तेव्हा, कॅलेंडरकडे बघत बसले असताना कळलं असतं, तर ते उत्तर मी लिहिलं असतं का, माहीत नाही. मिस म्हणाल्या असत्या, उत्तर लांबलंय.

चाचणीनंतर मीनलच्या तुकडीची सहल त्र्यंबकला गेली. मामा बॉयलरच्या दुरुस्तीसाठी उशिरापर्यंत थांबणार होता. संध्याकाळी घरात मामी आणि मी. बाहेर लवकर अंधारलं. कॉलनीत सगळ्या खिडक्यांत दिवे लागलेले. वीज इथेच तयार होत असल्यामुळे आमच्याकडे ती कधी जायची नाही, आणि गावी आई त्याच वेळी कंदिलाची काच पुसत असेल, हे आठवल्याशिवाय माझी एक संध्याकाळ जायची नाही. मामीने दोन ताटं काढली. त्या दिवशी ती थांबली नाही.

आम्ही जेवत होतो. निम्म्या जेवणात मामीने एकदम विचारलं, "त्या तुमच्या कवितेतला माणूस दार का वाजवत नाय गं?"

हा प्रश्न पुस्तकात नव्हता. गाईडमध्ये नव्हता, मिसनं कधी विचारला नव्हता. आम्ही तो माणूस बर्फात उभा आहे हे धरूनच चाललो होतो. कवितेतल्या माणसांनी उभंच राहायचं असतं. मी थोडा विचार करून म्हटलं, त्याला वाटत असेल की आतल्यांना त्रास कशाला.

"चांगली माणसं हायेत म्हणतो ना?"

"हो."

"मग वाजवायचं." मामीने माझ्या ताटात भात वाढला. मग मानेने खिडकीकडे खुणावलं. बाहेर काळोख होता आणि काचेत आम्हीच दोघी दिसत होतो, आमची ताटं, वरचा बल्ब. "आत दिवा असला का आतल्याला बाहेरचं काय दिसत नाय, पोरी. काचेत आपलंच तोंड दिसतं. आतला माणूस मुद्दाम करत नसतो."

ती थांबली. भाताचा चमचा हातात धरून, माझ्याकडे बघत. तिने मला विचारलं नाही, हे तू लिहिलंस का. तिने दार नुसतं उघडून धरलं होतं, आणि मी आत जाऊन एवढंच म्हणायचं होतं: मामी, ते मीच लिहिलंय. चार शब्द. नाहीतर नुसतं रडले असते तरी चाललं असतं. तिने भात परत झाकला, पुन्हा उघडला, वरण घेतेस का विचारलं. ती वाट बघत होती, हे मला त्या वयातही कळत होतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं, मराठीत, अहिराणीत, शुद्ध आणि अशुद्ध.

"नको, पोट भरलं," मी म्हटलं. ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, आणि भूमितीची वही उघडली.

मामीने मला घरी पाठवलं नाही. ते ‘एक वरीस बघू’ तिने पुन्हा कधी काढलं नाही. दहावीचं वर्षही मी तिथेच काढलं. परीक्षेच्या दिवसांत ती पहाटे उठून मला आधी उठवायची, मीनलला नंतर. ताटं मांडताना मोजणं कधी थांबलं ते मला आठवत नाही, म्हणजे थांबलं असावं. मधे कितीदा आम्ही दोघीच घरात होतो. कितीदा मी वाक्य जुळवलं आणि मग पाणी पिऊन घेतलं. गेल्या पावसाळ्यात मामी गेली. तेरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि सगळ्यांनी मला मामीच्या गोष्टी सांगायला लावल्या. मी सांगितल्या. लोक हसलेही. ही तेवढी सांगितली नाही.

दहावी झाल्यावर आई मला न्यायला आली होती. दारात रिक्षा उभी, माझी ट्रंक मामाने उचललेली. मामीने आईची ओटी भरली, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि आईला म्हणाली, "पोरगी लय गुणाची हाय, वन्सं. बोलत नाय, एवढंच."

आईने ते कौतुक समजून पदरात घेतलं. गावी गेल्यावर कित्येक दिवस येईल त्याला सांगत होती: माझी लेक दोन वर्षं परक्या घरी राहिली, पण तोंडातून शब्द म्हणून काढला नाही.